खाणवस्तीची भूसाक्ष

डब्याचं झाकण ओट्यावरून निसटलं, फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. खण्ण... ण्ण... ण्ण, आणि मग अगदी शेवटचा बारीक थरथराट. मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. मैना झोपलेलीच होती, एक पाय उशीवर आणि दुसरा भिंतीला टेकवून. साडेतीन वर्षांच्या पोरीला दुपारी झोपवणं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच माहीत. सुटले म्हणून मी हसले.

आणि हसता हसता थांबले. झाकणाचा तो शेवटचा थरथराट मला ऐकू कसा आला?

पाच वर्षं मी या घरात राहते. मांजरा विद्यापीठाच्या कर्मचारी वसाहतीतली शेवटची ओळ, शेवटचं घर. परसबागेमागे विद्यापीठाची भिंत, आणि भिंतीपलीकडे खाणवस्ती, म्हणजे माझं माहेर. तिथे सकाळी आठपासून दिवस कलेपर्यंत साठ-सत्तर हातोडे दगडावर पडत असतात. थंड दळणाच्या जात्यांना शहरांतून पुन्हा मागणी आली तेव्हापासून तर उसंत नाही. इथे पडलेल्या झाकणाचा शेवट कधीच कुणाच्या कानावर येत नाही. मैनेला तर त्या ठोक्यांचीच अंगाई. गेले तीन आठवडे आम्ही बाहेरगावी होतो, तर मला तिच्या पाठीवर बोटांनी टकटक करावी लागायची.

सकाळीच आम्ही परत आलो होतो. सामान लावण्याच्या गडबडीत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता मी खिडकी उघडून कान दिला. शनिवार, दुपारचे दोन. सण नाही, सुतक असल्याचा निरोप नाही. भिंतीपलीकडून एकही ठोका नाही.

आणि कालच खाणवस्तीच्या भूसाक्षीचे एकवीस दिवस पूर्ण झाले होते.

*

भूसाक्ष म्हणजे जमिनीची साक्ष. कायदा होऊन सहा वर्षं झाली. एखाद्या वस्तीच्या जागी नवं बांधकाम करायचं ठरलं आणि तंटा उभा राहिला, की तिथे कोण राहतं, किती वर्षं, पोट कशावर भरतं, हे ठरवायला पूर्वी कागद मागायचे. गरिबाचे कागद पुरात जातात, जळतात, नाहीतर मुळात नसतातच. म्हणून कायद्याने सांगितलं, कागद नसेल तर जमिनीला विचारा. आणि जमिनीला विचारायचं काम दिलं जवळच्या विद्यापीठाला, कारण विद्यापीठ कुणाच्या बाजूचं नसतं, असं कायदा धरून चालतो.

विचारायची पद्धत मला अजूनही जादूसारखी वाटते, आणि मी तर हेच काम करते. रस्त्यांखालून इंटरनेटच्या तारा गेलेल्या असतात. तारेत केसाएवढे काचेचे धागे. त्यातला एखादा धागा रिकामा असतोच. त्याच्या एका टोकातून प्रकाशाचा ठोका सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष असतात, आणि प्रत्येक दोषावरून थोडा प्रकाश मागे फिरतो. वर कुणी पाऊल टाकलं की माती हलते, मातीबरोबर काच ताणली जाते, केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी, आणि मागे येणारा प्रकाश तेवढाच बदलतो. म्हणजे धाग्याचा प्रत्येक मीटर हा एक कान. किलोमीटरभर तार म्हणजे हजार कान, मातीत गाडलेले.

आणि पाऊल म्हणजे सहीच. कोण टाच आधी टेकतं, कोण उजवा पाय ओढतं, दोन पावलांत किती वेळ, वजन किती, सगळं ज्याचं त्याचं. आमची प्रणाली एका गल्लीतली चारशे माणसं वेगळी ओळखते. फक्त सात वर्षांखालची मुलं तिला ओळखता येत नाहीत. त्यांची चाल अजून ठरलेली नसते, रोज नवी. ती त्यांना ‘अस्थिर’ म्हणून बाजूला काढते. मैना सध्या बेडकासारखी चालते, काल घोड्यासारखी चालत होती. प्रणालीचा तरी काय दोष!

याच साक्षीवर गेल्या वर्षी नदीकाठच्या एका वस्तीतली तीनशे बारा कुटुंबं बेघर होण्यापासून वाचली होती. ते काम माझं होतं. म्हणून खाणवस्तीचा तंटा आला तेव्हा मी घाबरले नव्हते. महापालिकेला वस्तीच्या जागी चौदा मजली इमारत बांधायची होती. राहणाऱ्या प्रत्येकाला सदनिका मिळणारच होती. प्रश्न होता अंगणाचा. वस्तीच्या मधोमध दगड घडवायचं मोठं अंगण आहे. तिथे काम चालतं असं सिद्ध झालं तर ते जमिनीवरच ठेवावं लागणार होतं. नाही झालं, तर ती जागा विद्यापीठाच्या संशोधन इमारतीला जाणार होती.

साक्ष काढणारं विद्यापीठ आणि जागा मिळणारंही विद्यापीठच. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण आतलं कुणी असेल तर साक्ष नीट होईल, असं मला वाटायचं. नोकरी धरली तेव्हापासून वाटायचं.

तर, जमीन ऐकायला सुरुवात व्हायच्या आदल्या दिवशी विद्यापीठाने मलाच वस्तीत समजावून सांगायला पाठवलं होतं. त्यानंतर नियमाप्रमाणे मला लांब जावं लागलं. रक्ताचं नातं असलेल्या कर्मचाऱ्याने त्या एकवीस दिवसांत वस्तीच्या आसपास फिरकायचं नाही, साक्षीविषयी फोनवरही बोलायचं नाही.

*

झोपलेल्या मैनेला खांद्यावर टाकलं, फाटकातून बाहेर पडले आणि भिंतीला वळसा घालून वस्तीत आले.

अंगणात सगळे बसले होते. अर्धी घडलेली जाती, उखळं, देवळाच्या पायऱ्या जिथल्या तिथे. हातोडे, घण आणि छिन्न्या गोणपाटावर ओळीने मांडलेल्या, आणि दांडे सुकून सैल होऊ नयेत म्हणून वर ओलं फडकं. एखाद्या आजारी माणसाला निजवावं तशी ती ओळ दिसत होती.

माझे वडील, हणमंत धोत्रे, वस्तीचे हणमंतअण्णा, पायरीच्या दगडावर बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

“आलीस व्हय रेशमे! संपलं का त्यांचं ऐकून? लावू का हात आता?”

“अण्णा, काम बंद का आहे?”

“बंद न्हाई. थांबवलंय.” अण्णांना शब्द लागला. “तूच सांगून गेलीस की, एकवीस दिवस जमीन ऐकनार म्हनून. कुनी कान लावल्यावर ठोके घालतं का कोन?”

शेजारची गंगूमावशी पदराने वारा घेत म्हणाली, “बाई, एकवीस दिवस दगड गप, मग आमचं म्हातारं बी गप. माझ्या लग्नापासनं एवढी शांतता बघितली न्हवती मी. आनखी पंधरा दिवस वाढवून मिळंल का बघ.”

सगळे हसले. मी तिथेच दगडावर बसले.

हे फक्त आमच्याच माणसांच्या हातून होऊ शकतं. दगडाला छिन्नी लावण्याआधी पाथरवट त्यावर हातोडीने एक हलका ठोका देतो आणि कान टेकवतो. सलग दगड खणखणतो. आत चीर असेल तर आवाज बद्द येतो. चीर असलेल्या दगडावर चार दिवस घालवले आणि तो पाचव्या दिवशी दुभंगला तर चार दिवस गेलेच, कधी बोटही जातं. म्हणून एकजण दगडाकडे वाकला, की अख्ख्या अंगणातले हातोडे खाली येतात. कुणी हाक मारत नाही, सांगत नाही. लहानपणापासून हात आपोआप थांबतात. मी लग्न करून भिंतीपलीकडे गेले तरी कुणी कान लावलेला दिसला की माझ्या हातातला चमचा थांबतो.

आणि मीच या अंगणात उभी राहून, हात हवेत हलवून सांगितलं होतं, “एकवीस दिवस जमीन ऐकणार आहे. तुम्ही नेहमीसारखं राहा.”

ते नेहमीसारखेच राहिले होते.

*

सोमवारी अहवालाचा मसुदा टेबलावर होता. रहिवास : बासष्ट कुटुंबं, शंभर टक्के सिद्ध. व्यवसाय : आढळला नाही.

आमच्या केंद्राच्या प्रमुख डॉ. अनुपमा केळुसकर. मॅडमनी मला नोकरी दिली, मैनेच्या वेळी सहा महिने माझं काम स्वतः केलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

“मी बघितलं होतं गं शांत झालंय ते. वसतिगृहातली मुलं खूश होती, परीक्षेच्या तोंडावर. मला वाटलं, हल्ली यांचं काम कमी झालं असेल.”

“मॅडम, एकदा जाऊन विचारायचं तरी.”

“विचारायचं नाही असाच नियम आहे. आपण बोललो की साक्ष बिघडते. आणि मी विचारलंच असतं तर त्यांनी मला काय सांगितलं असतं? ‘तुम्ही ऐकताय म्हणून आम्ही गप्प आहोत’?”

“हो. नेमकं हेच.”

त्या ओशाळं हसल्या. मग उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

“एक वाट आहे. पण ती ऐकून तू माझ्यावर चिडशील. भिंतीकडेच्या आणि वस्तीतल्या तारेवर चार वर्षं चाचणी चालू आहे. उपकरण तपासायला म्हणून लावलं होतं. ते सगळं साठवलेलं आहे. कुणी उघडलेलं नाही.”

मला कळायला क्षणभर लागला. “चार वर्षं? वस्तीला न विचारता?”

“न विचारता. तुझ्या घरालाही न विचारता. तारेला काय, भिंतीची ही बाजू नि ती बाजू सारखीच.”

चिडायला मला वेळच झाला नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट वाजत होती, चार वर्षांचे ठोके! ते सगळे मातीखाली जपून ठेवलेले होते.

“ते दाखल करता येईल?”

“येईल. अट आहे. प्रत्येक कुटुंबाची संमती हवी, एकही कमी चालणार नाही. आणि नुसते हातोडे वेगळे काढून देता येत नाहीत. ठोका आणि पाऊल एकाच प्रकाशात असतात. उघडलं की सगळंच उघडतं. कोण कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं. आणि एकदा पुराव्यात आलं, की पुढच्या कुठल्याही तंट्यात कुणीही मागू शकतं.” त्यांनी चष्मा पुन्हा घातला. “सुनावणी पुढच्या मंगळवारी. चाचणी माझ्या सहीने झाली होती. ते तिथे मी सांगेन. तू फक्त वस्तीला खरं सांग. या वेळी सगळं सांग.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सगळं सांगितलं. गंगूमावशीने विचारलं, “म्हंजे मी सोनाबाईकडं जाऊन किती वेळ सुनंच्या चुगल्या करते, ते बी?”

“काय बोललात ते नाही, मावशी. किती वेळ बसलात ते.”

“मग ऱ्हाऊ दे. वेळ सगळ्यांना म्हाईतच हाय.”

हशा झाला, पण सगळ्यांचा नव्हता. दोन-तीन पुरुष जमिनीकडे बघत होते. एका तरुण सुनेने डोक्यावरचा पदर नीट केला आणि पुन्हा नीट केला. दशरथ, माझा चुलतभाऊ, उठून म्हणाला, “आधी आमची खान घेतली. मग आमची पावलं बी घेतली. आता आमालाच विचारत्यात, बघू का म्हनून. लई शिकलेली मानसं, ताई, तुमची.”

मी मान खाली घातली. तो खरंच बोलत होता.

“पन नवव्या मजल्यावर दगड न्यायचा कसा?” मागून कुणीतरी म्हणालं. “लिफ्टमधनं जातं चढवायचं? आनि ठोका घातला की खालच्याचा पंखा पडनार.”

हे त्या दिवशीचं खरं वाक्य होतं. त्यानंतर एकेकजण पुढे आला. संमतीसाठी संगणकाच्या पाटीवर अंगठा टेकवायचा होता. “आमचा आजा अंगठा द्यायचा तर अडानी म्हनायचे,” गंगूमावशीचं म्हातारं एकवीस दिवसांनी बोललं, “आता साहेब लोक बी अंगठाच देत्यात.” तरुण सून सगळ्यात शेवटी आली. माझ्याकडे न बघता अंगठा टेकवून गेली.

एकसष्ट झाले. राहिलं एक घर. माझंच.

अण्णा पायरीच्या दगडावरून उठले नव्हते.

“अण्णा?”

“तुझ्या आईला इचारलंस का?”

आईला जाऊन चौदा महिने झाले होते. हौसाक्का म्हणायचे तिला. विद्यापीठाने दोन हजार सदतीस साली मैदानासाठी निम्मी खाण घेतली तेव्हा ती यंत्रापुढे तीन दिवस रस्त्यात बसली होती. ‘खाण मृत आहे, तिथे काम चालत नाही’ असा तज्ज्ञांचा कागद आला आणि तिला उचलून बाजूला ठेवलं गेलं. कागद याच विद्यापीठाचा होता. चार वर्षांनी मी इथेच नोकरी धरली. ती म्हणाली, “तुजा पगार त्या कागदाखालनं येतो, रेशमे.” त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. लग्नाला दारातून अक्षता टाकून गेली. मैना झाली तेव्हा अण्णा फाटकातून येऊन बघून गेले, आई आली नाही. शेवटच्या दिवशी मी धावत गेले, तेव्हा ती बोलण्यापलीकडे होती.

“अण्णा, आई नसेल तर घरातला मोठा माणूस संमती देतो.”

“कायदा देत आसंल. पाऊल तिचं हुतं. तिनं कुनाला दाखवायला टाकलं न्हवतं.”

“नाही दिलीत तर बासष्ट घरांचं अंगण जाईल.”

“म्हाईत हाय मला.”

“मग?”

मैना अण्णांच्या पाठीवर चढत होती, त्यांनी तिला मागे हात घालून सावरलं. बराच वेळ ते ओळीने झाकलेल्या हातोड्यांकडे बघत राहिले. मग पाटी मागितली, अंगठा टेकवला आणि म्हणाले, “आमच्या घराची रेघ आधी मी बघनार. तू वाचून दाखव. दुसरं कुनी नको.”

तसा हक्क कायद्यात होता. ज्याची रेघ, म्हणजे पावलांची नोंद, त्याने ती आधी बघायची.

*

शुक्रवारी अण्णा आयुष्यात पहिल्यांदा विद्यापीठाच्या आतल्या इमारतीत आले. धुतलेलं धोतर, पायात नव्या चपला. जिन्याच्या फरशीवर त्यांनी वाकून बोटाने टकटक केलं. “दगड आमचाच हाय,” म्हणाले, “पन घाईत घडवलेला.”

मॅडमनी आम्हाला खोली उघडून दिली आणि त्या बाहेर थांबल्या. मैना अण्णांच्या मांडीवर. पडद्यावर काळ्या पाटीवर पांढऱ्या रेघा. मी आधी ठोके ऐकवले. जमिनीतला कंप कानाला कळेल असा करता येतो.

अण्णांनी डोळे मिटले. “ह्यो दशरथ. तीन ठोके आनि दम. ह्यो गंगीचा म्हातारा, दर चौथा ठोका हलका, मनगट गेलंय त्याचं... आनि ह्यो मी.” डोळे उघडून ते पडद्याकडे वाकले. “मी असा वाजतो व्हय?”

त्यांच्या चेहऱ्यावर असं कुतूहल होतं, की मला वाटलं हेच दाखवायला मी इतकी वर्षं शिकले असावे. प्रणालीने ज्या ठोक्यांपुढे ‘अनिश्चित’ लिहिलं होतं, तीही नावं त्यांनी सांगितली. मी लिहून घेत गेले. चार वर्षांत सणवार सोडले तर एकही दिवस रिकामा नव्हता. अंगण वाचणार होतं.

मग आमच्या घराची पावलं आली. अण्णांची जड, उजव्या पायावर भार. दुसरी हलकी, झपझप. मी ती लगेच ओळखली. कुणाला सांगावं लागलं नाही.

मी दिवस सरकवत गेले. घर, नळ, अंगण, घर. पुढे एका तारखेला ती रेघ दुपारी दोनला वस्तीबाहेर पडली, भिंतीकडेने चालत आली आणि दोनशे चौदाव्या मीटरवर थांबली. चाळीस मिनिटं. मग परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

तारीख मी दोनदा वाचली. मैनेला दवाखान्यातून घरी आणलं तो दिवस.

“दोनशे चौदा म्हणजे कुठे?” मी स्वतःशीच म्हणाले, आणि नकाशा लावायच्या आधीच मला कळलं. माझी परसबाग.

तारेला दोन्ही बाजू सारख्याच. भिंतीच्या आतल्या अंगाला, दोन मीटरवर, त्याच वेळी आणखी एक रेघ होती. पुढे सात पावलं, मागे सात पावलं. प्रणालीने तिला नाव दिलं नव्हतं. ती माझी होती. मैना दुपारी झोपायची नाही, म्हणून मी तिला कडेवर घेऊन बागेत येरझाऱ्या घालायची. कडेवरच्या लेकराला पाऊल नसतं, म्हणून मैना त्यात कुठेच दिसत नव्हती. फक्त माझं पाऊल महिन्यामागून महिना थोडं थोडं जड होत गेलं होतं.

आणि भिंतीबाहेरची रेघ नुसती उभी नव्हती. नीट बघितल्यावर कळलं. भार डाव्या पायावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर. हळू, सारख्या अंतराने. ती डोलत होती. मी आत चालायची, तेवढाच वेळ ती बाहेर डोलायची. मी थांबले, मैना झोपली, की ती आणखी थोडी उभी राहायची आणि मग जायची.

अडीच वर्षांना दोन महिने कमी. पावसाळ्यातसुद्धा.

“तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

अण्णांचं लक्ष पडद्यावर होतं. “एकदा मागनं गेलो. म्हनली, रेशमीला कळलं तर माजं मेलेलं तोंड बघाल. म्हनून म्हनत हुतो, तिला इचार.” त्यांनी चपलेचं टोक फरशीवर घासलं. “आता कळलंच तुला. ती काय आता रागवायची न्हाई.”

मैना पडद्याजवळ जाऊन त्या रेघेवर बोट फिरवत होती. “ही आजी?” तिने विचारलं. मी मान हलवली. बोलले असते तर रडले असते, आणि पोरीसमोर अण्णांनाही रडावं लागलं असतं.

*

सुनावणी मंगळवारी झाली. मॅडमनी उभं राहून चाचणीची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. सभागृहात गलका झाला. त्यांच्यावर चौकशी बसली, ती अजून चालू आहे. महापालिकेच्या वकिलांनी विचारलं, हे ठोके पाथरवटांचेच कशावरून? तेव्हा सुनावणी घेणाऱ्या आयोगाने ठोक्यांचे चौदा तुकडे निवडले आणि अण्णांना ऐकवले. तेरा तुकड्यांतली नावं अण्णांनी सांगितली. चौदाव्याला म्हणाले, “ह्यो मानूस न्हाई. ह्याला दमच लागत न्हाई.” तो विद्यापीठाच्या बांधकामावरचा यंत्रहातोडा निघाला.

अंगण राहिलं. इमारत त्याच्या कडेने उभी राहील. विद्यापीठाला संशोधन इमारतीसाठी दुसरी जागा बघायला सांगितलं. मात्र आदेशात एक ओळ होती, ‘तारेवरील नोंद यापुढे कायम चालू ठेवावी.’ आणि चार वर्षांची पावलं आता पुराव्यात आहेत. गुरुवारीच कुठल्याशा सावत्रभावांच्या वाटणीच्या खटल्यातल्या वकिलाने त्यांची प्रत मागितली. ती तरुण सून हल्ली अंगणातून जाताना चप्पल हातात घेऊन जाते. तिला कसं सांगू, की अनवाणी पाऊल तर जास्तच स्पष्ट उमटतं?

शनिवारी दुपारी मी मैनेला वस्तीतून घरी आणत होते. पलीकडे हातोडे जोरात होते, तीन आठवड्यांचं काम तुंबलेलं. ती माझं बोट सोडून भिंतीकडेने पुढे पळाली, मग थांबली.

“आजी कुठं उभी राहायची?”

मी जागा दाखवली. तिथे काही नव्हतं. थोडं गवत, एक फुटकी कुंडी. मैना तिथे जाऊन उभी राहिली, दोन्ही पाय जुळवून, आणि भिंतीकडे बघितलं. भिंत तिच्या तिप्पट उंच.

“मी आत होते?”

“हो. माझ्या कडेवर.”

“आणि फाटक?”

“ते काय, तिथे.” पंधरा पावलांवर होतं. दुपारचं उघडंच असतं.

“मग आत का नाही आली?”

“रागावली होती.”

“माझ्यावर?”

“नाही गं. माझ्यावर.”

मैनेने डाव्या पायावर भार टाकला, मग उजव्यावर. करून बघत होती. मग मान वर करून तिने मला विचारलं,

“रागावली होती, तर मग रोज का यायची?”